नावापुढे ‘कॅप्टन’ असले म्हणून तो दर्यावर्दी ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकोणिसाव्या शतकातील जहाजी कॅप्टनच्या घराण्यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय मोलाचा आहे. मात्र खानदेशातील जुन्या थडग्यांवरच्या ‘कॅप्टन’चा संबंध त्यात थेट समुद्राशी जोडला आहे, तो घाईचा वाटतो.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला, तेव्हा इथला कारभार पाहणारे कॅप्टन जॉन ब्रिग्ज मद्रास सैन्यातले होते. भिल्ल पलटण उभी करणारे जेम्स आउट्रम मुंबई सैन्यातले. धुळे, मालेगाव, धरणगाव या पट्ट्यातला कॅप्टन बहुधा लष्करीच असतो. दगडावर पलटणीचे नाव किंवा क्रमांक दिसला, तर शोध बंदराकडे नेऊच नये.

व्यापारी जहाजाचा कॅप्टन शोधायचा तर त्याच्या दाखल्यापासून सुरुवात करावी. १८५० च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कॅप्टनांना आणि मेटना (कॅप्टनच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना) पात्रतेचा दाखला सक्तीचा झाला. जे आधीपासून या कामावर होते त्यांना अनुभवावर दाखला मिळाला, नव्यांना परीक्षा द्यावी लागली. अर्जात जन्मसाल, जन्मगाव आणि आधीच्या जहाजांवरची नोकरी असते. कुलवृत्तान्ताला लागणारा निम्मा मजकूर तिथेच हाती येतो. त्याला जोड लॉइड्स या लंडनच्या जहाज-विमा संस्थेच्या कॅप्टन नोंदवह्यांची द्यावी. त्या १८५१ पासूनच्या असून ‘द लंडन अर्काइव्ह्ज’ (पूर्वीचे लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्ज) या अभिलेखागाराच्या संग्रहातल्या आहेत.

जहाजाच्या नावावर मात्र विसंबू नये. एकाच नावाची अनेक जहाजे एकाच वेळी समुद्रावर असत आणि इथेच बहुतेक वंशावळी भरकटतात. १८५५ पासून प्रत्येक नोंदणीकृत ब्रिटिश जहाजाला कायमचा अधिकृत क्रमांक मिळू लागला, तो आधी शोधावा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत गाव सांगितल्याशिवाय आपले पान निघत नाही, तसेच हे. क्रमांक मिळाला की खलाशांच्या करारपत्रात प्रत्येकाचे वय, जन्मस्थान आणि आधीचे जहाज वाचता येते. १८६१ नंतरची बहुसंख्य करारपत्रे लंडनमध्ये नाहीत, ती कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. हे ठाऊक नसल्याने लोक लंडनला पत्रे पाठवून थकतात.

ब्रिटनमधल्या जनगणनेतही एक फसगत ठरलेली. घरच्या यादीत कॅप्टन सापडत नाही, म्हणून तो वारला असे लिहून मोकळे होतात. जनगणनेच्या रात्री तो समुद्रावर असू शकतो. बायकोच्या नावापुढे ‘नाविकाची पत्नी’ आहे की ‘विधवा’, ते आधी पाहावे. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वयेही साधारणपणे पाचच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत, त्यामुळे त्यावरून काढलेले जन्मसाल चार वर्षांपर्यंत चुकते.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या कुटुंबांचा शोध उलट दिशेने घ्यावा लागतो. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. नक्कल करताना आडनावाचे स्पेलिंग बदललेले असते, तेव्हा दोन-तीन रूपे धरून शोधावे. नातवाच्या विवाहनोंदीत बापाचे नाव मिळते. तिथून एकेक पिढी मागे जावे. आजोबा कॅप्टन होते ही घरातली आठवण दाखल्याशी जुळेपर्यंत आठवणच राहते. किमान दोन स्वतंत्र कागद एकमेकांशी जुळल्याशिवाय नाव वंशावळीत घालू नये, आणि वृत्तपत्राने तर ते छापूही नये, ही आमची आग्रहाची विनंती.

दगडांचेही ऐकावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर चुना फासतात, तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरतात. चुन्याने खोदीव रेघा बुजतात, ब्रशने आणि ॲसिडने त्या झिजतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूने आरशाचा कवडसा पाडून फोटो घ्यावा. इंग्रजी आकड्यांतल्या 1 आणि 7, 3 आणि 8 यांत घोळ होतो, म्हणून सालाचा फोटो वेगळा, जवळून काढावा.

आपले,
कुलवृत्तान्ताचे काही अभ्यासक, जळगाव