साठीजवळ आल्यावरचं ‘पुढं काय?’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तरुणांच्या नात्यांवर वर्तमानपत्रांतून बरंच येतं. आमच्या वयाच्या माणसांनी हे बोलणं कसं काढायचं, ते फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून लिहिते.

मी ५९ वर्षांची. मालक साखर कारखान्यात होते, ९ वर्षांपूर्वी गेले. सकाळी आयर्विन पुलाच्या बाजूला फिरायला जाते. तिथं एका निवृत्त शिक्षकांची ओळख झाली. तेही एकटेच. आधी नुसता नमस्कार, मग चहा, मग माझ्या गुडघ्यासाठी त्यांनी कमी केलेली एक फेरी. ७ महिने असे गेले. एक दिवस ते आलेच नाहीत. फोन करावा की नाही, यातच माझी दुपार गेली. करायचा तर कोण म्हणून करायचा? सुनेनं उचलला तर काय सांगायचं?

‘आपलं पुढं काय?’ असं विचारणं मला पटेना. त्यात सगळा भार समोरच्यावर. म्हणून आधी माझं सांगितलं. “सर, तुम्ही आला नाहीत की मला करमत नाही. मला सोबत हवी आहे. लग्न हवंच असं नाही, पण चोरून भेटणं नको. उत्तर आजच द्या असं म्हणत नाही.” ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. म्हणाले, “बाई, मला चार दिवस द्या.” त्या चार दिवसांत त्यांनी एकदाही फिरणं चुकवलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी बोलणं मुख्यतः हिशेबाचं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मधली माझी विधवा पेन्शन पुनर्विवाह केला की बंद होते. रक्कम लहान, पण माझी औषधं त्यातून येतात. त्यांची काळजी घराची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नीला मुलांच्या बरोबरीनं वाटा मिळतो; नुसतं सोबत राहणारीचं नाव वारसांच्या यादीत नसतं. पहिल्या गोष्टीची धास्ती त्यांच्या मुलाला, दुसरीची मला. मृत्युपत्राचा विषय मीच काढला. आपण एखाद्या वकिलांकडून यावर सोप्या भाषेत लिहून घ्यावं, अशी कळकळीची विनंती आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र आमचं जमेना. ते म्हणत, मुलांना विचारून ठरवू. माझं म्हणणं, ठरवून सांगू. विचारलं की लोक काय म्हणतील, तेच मुलांच्या तोंडून ऐकायला मिळतं. दोन आठवडे आम्ही यावर वाद घातला.

लग्नाचं अजून ठरलेलं नाही. दिवाळीत त्यांचा मुलगा येतोय, तेव्हा मी त्यांच्याकडे जेवायला जाणार आहे. कोण येणार आहे, ते सरांनी गेल्या रविवारी माझ्यासमोर फोनवर त्याला सांगितलं.

आपली,
एक वाचक, सांगली