घड्याळ नको, थर्मामीटर बघ

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला. सगळे जमतील त्या दिवशी तू पोर्क रॅक, म्हणजे डुकराच्या मांसाचा बरगड्यांसकट अखंड तुकडा, भाजणार, हे वाचून फार आनंद झाला. फोनवर सांगितलेलं ऐन वेळी आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊजींना मांस कच्चं राहील अशी धास्ती आहे ना? आधी त्याबद्दलच बोलतो, कारण हा पदार्थ बहुतेक वेळा त्या धास्तीपायीच कोरडा होतो. डुकराच्या मांसातून कृमी होतात ही भीती निराधार नाही. पण मांस आतून ६३ अंश सेल्सियसला पोचलं की ते कृमी जगत नाहीत. पूर्वी ७१ अंश सांगायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी ते ६३ वर आणलं, आणि बाहेर काढल्यावर किमान ३ मिनिटं तसंच ठेवायला सांगितलं. खिम्याला मात्र आजही ७१ च, कारण दळताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. ६३ अंशांना मांस मधोमध फिकट गुलाबी दिसेल. भाऊजींना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते ताट परत ओव्हनकडे पाठवतील.

रॅक म्हणजे पाठीचं मांस, बरगड्यांसकट. हा भाग जनावराच्या अंगात फार राबत नाही, त्यामुळे त्यात चिवट तंतू कमी. खांद्याचं मांस तासन् तास शिजवलं की विरघळल्यासारखं मऊ होतं; हे तसं होत नाही, उलट ७० च्या पुढे त्यातला रस निघून जातो. म्हणून बाकी काही आणलं नाहीस तरी चालेल, पण मीट थर्मामीटर आणच.

मांस घेताना ६ ते ८ बरगड्यांचा अखंड तुकडा माग. कण्याचं हाड काढून द्यायला सांग. ते राहिलं तर शेवटी बरगड्यांमधून सुरी फिरत नाही. वरची चरबी सगळी काढू देऊ नकोस, बोटाच्या जाडीपेक्षा थोडी कमी राहू दे. तिच्यावर सुरीने तिरक्या चिरा दे, खालच्या मांसाला न लागतील अशा.

मीठ आदल्या रात्री. किलोला साधारण १० ग्रॅम, सगळीकडून चोळून, झाकण न ठेवता फ्रिजमध्ये. मीठ रात्रभरात आत मुरतं आणि मांसाला रस धरून ठेवायला मदत करतं. शिवाय वरचा भाग सुकतो. ओल्या पृष्ठभागाला रंग चढत नाही, पाणी आटण्यातच आच खर्च होते. ही एक पायरी मात्र घाईत गाळू नकोस.

आता हर्ब्ज, म्हणजे सुवासिक पानं, माझा सगळ्यात आवडता भाग. रोझमेरी, थाईम आणि सेज घे. रोझमेरीची पानं देठावर उलट्या दिशेने बोट ओढलं की सुटतात; ती अगदी बारीक चिर, नाहीतर दाताखाली टोचतात. सेज थोडंच, ते उग्र असतं, पण चरबीशी त्याचं फार छान जमतं. त्यात ठेचलेला लसूण, भरडलेली मिरी, लिंबाची किसलेली साल आणि ऑलिव्ह तेल. यांचा वास मिठासारखा खोल शिरत नाही, वरच्या थरातच राहतो, म्हणून लेप सढळ हाताने लाव. पार्सलीसारखी कोवळी पानं ओव्हनमध्ये घालू नकोस, करपतात; ती वाढताना वरून.

बरेच जण लेप सुरुवातीलाच लावतात. मला ते पटत नाही, कारण मोठ्या आचेवर लसूण कडू होतो. मी आधी नुसतं तेल लावून, चरबीची बाजू वर ठेवून, २२० अंशांवर २० मिनिटं भाजतो. मग बाहेर काढून चमच्याने थोडी मस्टर्ड (मोहरीची पेस्ट) पसरतो, तिच्यावर लेप थापतो, हाडांची टोकं फॉइलने झाकतो आणि ओव्हन १६० वर आणतो. दोन किलोच्या रॅकला यापुढे साधारण तास लागेल, पण पाऊण तासानंतर मोजायला लाग. थर्मामीटरचं टोक मांसाच्या सगळ्यात जाड भागाच्या मधोमध जाऊ दे. हाडाला टेकलं तर आकडा चुकीचा येतो.

६० अंश दिसले की बाहेर काढ. वरची उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे तापमान अजून ३ ते ५ अंश चढतं. १५-२० मिनिटं सैलसर फॉइलखाली राहू दे आणि कापण्याआधी पुन्हा मोज. ६३ दिसले नाहीत तर पाच-दहा मिनिटं परत आत ठेव. मांस फॉइलखाली असेल तेवढ्या वेळात ट्रेमधली जास्तीची चरबी काढून टाक, त्यात थोडं पाणी किंवा स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी) घालून तळाशी चिकटलेलं खरवडून घे आणि आटव. ग्रेव्ही यातच होते, वेगळा मसाला लागत नाही.

मग दर दोन बरगड्यांच्या मधून सुरी घाल, एकेकाला एकेक चॉप. उरलेली हाडं फेकू नकोस, कांदा आणि गाजर घालून मंद उकळली की सूपसाठी स्टॉक होतो.

आईला सा. न., मुलांना आशीर्वाद. भाजलेल्या रॅकचा फोटो कापण्याआधी पाठव.

तुझा,
धाकटा