600 ओमच्या हेडफोनसाठी न पुरणारा ॲम्प्लिफायर गळ्यात मारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ॲम्प्लिफायर परत घेऊन पूर्ण पैसे मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्याच्या 9 तारखेला तुमच्याकडून 6,499 रुपयांना यूएसबीवर चालणारा हेडफोन ॲम्प्लिफायर घेतला. घेण्याआधी फोन करून विचारलं होतं, की माझा हेडफोन बायरडायनामिकचा डीटी 880 आहे, तोही 600 ओमचा (ओम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचं माप), त्याला हा पुरेल का? उत्तर मिळालं, "सर, खोक्यावरच लिहिलंय, 16 ते 600 ओम. बिनधास्त घ्या." घेतला.

रात्री घरचे झोपले की मी ध्रुपदाची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतो. ती मुळातच हळू आवाजात भरलेली. आलाप नीट कानावर यावा म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरवावा लागतो, आणि पखवाजावर थाप पडली की आवाज फाटतो.

तुमच्या तंत्रज्ञाने हाय गेन, म्हणजे आवाज जास्त वाढवणारी सेटिंग, लावायला सांगितलं. त्याने नॉब कमी फिरवूनच तेवढा आवाज येतो, वरची मर्यादा आहे तिथेच राहते. मग म्हणाले, दुसरा पीस देतो. तो घेऊन काय करू? हाच ॲम्प्लिफायर मुलीच्या 32 ओमच्या हेडफोनवर निम्म्या नॉबलाच कान उठवतो. यंत्र बिघडलेलं नाही, ते मला विकायला नको होतं एवढंच.

खोक्यावर ठळक अक्षरांत 100 मिलिवॉट, आणि खाली मुंगीएवढं '32 ओमला'. याचा हिशेब होतो साधारण 1.8 व्होल्ट. घरी 50 हर्ट्झचा सूर लावून हेडफोन जोडलेला असताना मल्टिमीटरने मोजलं, तेवढेच निघाले. जास्त ओमच्या हेडफोनला करंट कमी लागतो, व्होल्टेज मात्र भरपूर हवं. 1.8 व्होल्टमधून 600 ओमला जेमतेम 5 मिलिवॉट मिळतात. या हेडफोनची संवेदनशीलता 1 मिलिवॉटला 96 डेसिबल, म्हणजे थापेच्या टोकाला 103 डेसिबलच्या आसपास सगळं संपलं. 110 पर्यंत जायचं तर 25 मिलिवॉट हवेत, म्हणजे जवळपास 4 व्होल्ट. तुमच्या यंत्राच्या दुप्पट.

बारीक अक्षरं मी आधी वाचली नाहीत, ही चूक माझी. पण म्हणूनच तर फोन केला होता ना!

तुमचं महागडं मॉडेल 'फरक भरून' घ्या, हा प्रस्ताव मला मान्य नाही. त्याच्याही माहितीपत्रकात 300 किंवा 600 ओमला किती मिलिवॉट मिळतात, तो आकडा कुठे नाही. तो छापा, नाहीतर '600 ओमपर्यंत' हे शब्द काढा.

15 दिवसांत पैसे परत न आल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. बिलाची प्रत सोबत आहे. ॲम्प्लिफायर केबलसकट खोक्यात बांधून ठेवला आहे. कुरियरवाल्याला दुपारी चारनंतर पाठवावं, त्याआधी घरी कोणी नसतं.

आपला,
एक ग्राहक