बातमीखाली एक क्रमांकही छापा

‘महाविद्यालयीन तरुणांकडून गांजा जप्त’ ही बातमी वाचली. छाप्याचा तपशील भरपूर. पण घरात असा मुलगा असलेल्या आईवडिलांनी काय करावे, याची एक ओळही नाही. पोलीस मागे लागतील या धास्तीने घरे गप्प बसतात. वास्तविक १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवन किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षण मिळते. गांजाची सवय लागत नाही, हा तर लाडका गैरसमज! सोडल्यावर पहिल्या आठवड्यात झोप उडते, चिडचिड होते आणि तिथेच अनेक जण पुन्हा चिलमीकडे वळतात. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती मदत क्रमांक अशा प्रत्येक बातमीखाली छापावा, ही विनंती.

– एक पालक, नाशिक