युद्धगुन्हेगाराला आश्रय नाही, हे कायद्यात लिहा

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री, भारत सरकार, यांस,

सविनय नमस्कार.

नाशिक येथील माजी सैनिकांच्या मेळाव्यात एका लोकप्रतिनिधींनी व्यासपीठावरून शब्द दिला होता की, युद्धगुन्ह्यांत दोषी ठरलेल्या कोणालाही भारतात राजकीय आश्रय मिळू नये, अशी तरतूद व्हावी म्हणून ते स्वतः पाठपुरावा करतील. परवा त्यांच्या कार्यालयाने आमच्या निवेदनाला उत्तर दिले की, हा धोरणात्मक विषय असून सामान्य नागरिकांनी त्यात पडू नये.

महोदय, माझे वडील तोफखान्यात होते. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातला पाय लावून त्यांनी संसार केला, आईने रात्र रात्र त्यांची जखम शेकली, आणि थंडी पडली की नसलेले पाऊल दुखते म्हणून ते आजही उठून बसतात. या घराने त्यात पडू नये, असे सांगण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचतो?

त्या युद्धात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी आपल्या ताब्यात आले. त्यांतील १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे आरोप होते. युद्धगुन्ह्यांचा गंभीर संशय असलेल्यांना कोणत्याही राष्ट्राने आश्रय देऊ नये, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ डिसेंबर १९७३ रोजी केला आणि त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी, भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यातील ९ एप्रिल १९७४ च्या दिल्ली करारानुसार, हे १९५ जण खटल्याविना मायदेशी परतले. पाकिस्तानात अडकलेल्या बंगाली कुटुंबांची सुटका तेव्हा पणाला लागली होती, हे मी जाणते. तरीही मारल्या गेलेल्यांच्या नातलगांना त्या व्यवहारात कोणी विचारले नाही, ही सल माझ्या वडिलांच्या मनातून गेली नाही.

राजकीय आश्रयाला माझा विरोध नाही. भगूरच्या सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या किनाऱ्यावर फ्रान्सच्या भूमीचा आसरा शोधला, तेव्हा त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हाती देण्यात आले आणि १९११ मध्ये हेगच्या लवादानेही त्यांना फ्रान्सकडे परत सोपवायला लावले नाही. सत्तेविरुद्ध उभे राहिल्यामुळे ज्याचा छळ होतो, त्याच्यासाठी आश्रय असतो. नि:शस्त्र माणसांची कत्तल करणाऱ्याला त्याच दाराने आत घेणे हा त्या छळलेल्यांचाच अपमान आहे. इथिओपियाचा माजी हुकूमशहा मेंगिस्टू याला तेथील न्यायालयाने २००६ मध्ये वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले, पण झिंबाब्वेने त्याला १९९१ पासून दिलेला आसरा काढून घेतला नाही.

आपल्याकडे तर निर्वासितांविषयी स्वतंत्र कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही, आणि २०२५ चा परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदाही याबाबत गप्प आहे. म्हणजे कोणाला ठेवायचे आणि कोणाला नाही, हे त्या त्या वेळच्या सरकारची सोय ठरवते. ढाक्याच्या न्यायाधिकरणाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतात आसऱ्याला आलेल्या बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल मृत्युदंड सुनावला, तेव्हा निकालाची नोंद घेतल्याचे आपल्या मंत्रालयाने सांगितले. आरोपीच्या गैरहजेरीतला खटला आणि फाशी यांविषयी माझ्याही मनात शंका आहेत, म्हणून त्यांना उद्याच परत पाठवा, असे मी म्हणत नाही. पण तो खटला न्याय्य होता की नव्हता, हे तपासायला आपल्याकडे न्यायालयीन व्यवस्था का असू नये? साध्या दाखल्यासाठी माझ्या वडिलांना काठी टेकत चार टेबले फिरवणारी ही यंत्रणा एवढा मोठा निर्णय बंद फायलीत, कोणालाही कारण न देता कशी घेते?

माझी मागणी स्पष्ट आहे. निष्पक्ष खटल्यात युद्धगुन्ह्यांबद्दल दोषी ठरलेल्याला आश्रय नाही, हे कायद्यात लिहा. परत पाठवल्यास त्याचा जीव जाणार असेल, तर त्याला पाहुणा म्हणून न ठेवता इथेच न्यायालयापुढे उभे करा. युद्धातील वागणुकीचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांचे गंभीर उल्लंघन भारताबाहेर झाले असले आणि आरोपी परदेशी असला, तरी त्याला शिक्षा देण्याची सोय आपल्या १९६० च्या कायद्यात आहे. मात्र सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. ही अट काढून तक्रारीचा अधिकार पीडितांना आणि त्यांच्या वारसांनाही द्यावा, आणि त्यासाठीचे दुरुस्ती विधेयक संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावे.

आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी,
देवळाली कॅम्प, नाशिक