रविवारचा रस्सा राहील

ती. आई आणि ती. बाबा यांस सा. न.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. सोमवारपासून सावजी खानावळीचा डबा येणार नाही. मी फोन करून बंद केला आहे, महिन्याचे पैसेही चुकते केले आहेत. तेव्हा बाबा, तुम्ही गल्लीच्या तोंडाशी जाऊन डबेवाल्या पोराला परत बोलावू नका. सोमवारी सकाळी आठला एक मावशी येतील. दोन्ही वेळचा स्वयंपाक त्या घरीच करतील आणि त्यात मटण-कोंबडी नसेल.

"पोरगी पुण्यात बसून हुकूम सोडून राहिली," असं बाबा म्हणतील. सोडते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "हो हो, बघू" म्हणतात आणि आई रिसीव्हर खाली ठेवून रडते. म्हणून दादाच्या हाती हे पत्र.

आईचा गुडघा दुखायला लागला तेव्हा डबा लावणं बरोबरच होतं. ओट्याशी दोन तास उभं राहणं तिला जमत नव्हतं आणि बाबांना चहापलीकडे काही येत नाही. पण तात्पुरता म्हणून लावलेला डबा कायमचा झाला. दिवाळीला आले तेव्हा मी एका रात्री उरलेला रस्सा मुद्दाम फ्रीजमध्ये ठेवला होता. सकाळी त्यावर थिजलेला थर चमच्याने काढला तर आमटीची वाटी भरली. आई, तू ती वाटी पाहिली होतीस आणि काहीच न बोलता बेसिनमध्ये ओतली होतीस. त्यानंतर बाबांचा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 168, बीपीची गोळी चालू असूनही वरचा आकडा 158. नानाकाकांच्या वेळी आपण सगळ्यांनी "पाहू पुढच्या महिन्यात" म्हटलं होतं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

सावजी मसाल्यावर माझा काडीचाही राग नाही. आजीच्या पाट्यावरचा तो वास अजून माझ्या डोक्यात आहे, आणि इथे कोणी नागपूरचं जेवण म्हणजे नुसतं तिखट म्हणालं की मी भांडते. अडचण मसाल्याची नाही, तेलाची, मिठाची आणि रोजच्या मटणाची आहे. चरबीतल्या संपृक्त मेदाने एलडीएल वाढतं. उलट डाळी, भाज्या, ज्वारी यांतला चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. डॉक्टरांनी मला हे कागदावर चित्र काढून समजावलं. बाबा, तुम्हालाही समजावलं असतं, पण तुम्ही तेव्हा बाहेर संत्र्याचा भाव करत होता.

आता बाबांची मुख्य शंका: मटण नाही तर अंगात ताकद कुठून येणार? मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. तुमचं वजन 62, म्हणजे पन्नासेक ग्रॅम झाले. तुरीच्या 100 ग्रॅम कोरड्या डाळीत बावीसेक ग्रॅम असतात. दोन वेळचं वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ, भाकरी, दही, रात्रीचं दूध आणि थोडे शेंगदाणे एवढ्यात हिशेब जमतो. एखाद्या दिवशी कमी वाटलं तर सोयावडीचा रस्सा करायला मावशींना सांगितलं आहे. सकाळचं उकडलेलं अंडं चालू राहील, ते मी डॉक्टरांना विचारून ठेवलं आहे. म्हणजे अगदी माळकरी करत नाही तुम्हाला.

एक गोष्ट मात्र भाजीत मिळत नाही, ती म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. दुधा-दह्यात आणि अंड्यात असतं, पण वयामुळे ते कमी शोषलं जातं आणि साखरेची गोळी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आणखी कमी होतं. पायाला मुंग्या येतात म्हणून आई बाबांच्या तळव्यांना तेल चोळत बसते ना, त्यासाठी आधी रक्त तपासायचं. दादा पुढच्या आठवड्यात घेऊन जाणार आहे. उपाशीपोटी जायचं, तर्री पोहे परत येताना. हो, आहेत, आठवड्यातून एकदा. तर्री वेगळ्या वाटीत घ्या, पोह्यांवर ओतू देऊ नका.

आई, आता तुझ्याशी. ओट्यावर दुसरी बाई उभी राहणार हे तुला टोचणार, मला माहीत आहे. त्या तुझ्या जागी येत नाहीत. चिरणं, कणीक, भाकरी, भांडी एवढं त्यांचं. मीठ आणि फोडणी तुझी. ओट्याच्या उंचीचं स्टूल मागवलं आहे, त्यावर बसून घाल. तुझा बिडाचा तवा त्या घासणार नाहीत, तसं बजावलं आहे. डाळभाजी, सांबारवडी, सोले-वांगं, आंबाडीची भाजी ही सगळी तुझीच पद्धत त्यांना शिकव. त्या भंडाऱ्याकडच्या आहेत, हात चांगला आहे, फक्त लाखोळीची डाळ आणतील तर प्रेमाने नको म्हण. कधी एखादवेळी ठीक, पण रोज पोटात गेली की पायातली ताकद जाते, हे आजीच सांगायची.

हिवाळा आहे, हेही मी हिशेबात धरलं. बुधवारी बाजारात आत्ता तुरीच्या शेंगा, मेथी, पालक, वाल, गाजर सगळं ताजं आणि स्वस्त. उन्हाळ्यात सुरुवात केली असती तर बाबांनी पहिल्याच आठवड्यात दुधीला शिव्या दिल्या असत्या. कडधान्याने गॅस होतो ही तक्रार मला आत्ताच ऐकू येते आहे. रात्रभर भिजवायचं, ते पाणी टाकून द्यायचं, मोड आणायचे, मऊ शिजवायचं आणि हिंग घालायचा. पहिले काही दिवस पोट कुरकुर करेलच, म्हणून लगेच डब्याला फोन करायचा नाही.

आणि रविवार. रविवारचा रस्सा राहील. तोच काळा मसाला, तीच खसखस, तोच लसूण, फक्त त्यात मटणाऐवजी पाटोड्या, आणि दोघांना मिळून दोन चमचे तेल. धुळवड आणि पोळ्याचा पाडवा हे दोन दिवस पूर्वीसारखेच तुमचे. तेव्हा मी स्वतः येऊन मटण करीन, नळी बाबांना.

ती नळी आठवते का बाबा? ताटात पडली की तुम्ही ती उचलून माझ्या ताटात ठेवायचा आणि दादा चिडायचा. मला काविळीत अळणी वरण-भात चालला होता, तेव्हा तुम्ही माझ्यासमोर बसून तोच खाल्ला, रविवारीसुद्धा, आणि आईला घरात मसाला परतू दिला नाही. मी तेव्हा दुसरीत होते, मला वाटायचं तुम्हालाही कावीळ झाली आहे. तर सोमवारपासून माझ्याही घरी मटण बंद आहे. मुलांनी तोंड वाकडं केलं, जावयांनी त्याहून जास्त. तरी बंद.

आता नीट ऐका. मीठ दिवसभरात माणशी एक चहाचा चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, आणि त्यात लोणचं, पापड, सांडगी मिरची सगळं आलं. ठेचा चालेल, पण भाकरीला लावण्यापुरता. जवसाची चटणी रोज खा. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने ते अडतं. तुमचा चारचा चहा जागेवर आहे, घाबरू नका. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून चार खायच्या नाहीत, साखर तिनेही वाढते. रात्री साडेसातला जेवण, बातम्या नंतर. बाबांचे दात मऊ भाकरीसाठी तरी लावायचे, डबीत ठेवायला नाही केले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडे खाली आले म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. आहार बदलल्यावर साखर उतरू शकते. घाम सुटला, हातपाय थरथरले तर आधी साखर-पाणी, मग डॉक्टरांना फोन. गोळी कमी करायची की नाही ते तेच ठरवतील.

रागावला असाल. रागावा, पण जेवा. तीन महिन्यांनी रक्त परत तपासू. कुणाला काही फरक दिसला नाही, तर डब्याचं आपण पुन्हा बोलू, मी शब्द देते. बोलू म्हटलं आहे, लावू नाही.

मावशींचा पगार माझ्याकडून जाईल, आईने वरून काही द्यायचं नाही, फार तर चहा आणि भाकरी. विधिमंडळाचं अधिवेशन संपेपर्यंत बाबांनी सीताबर्डीकडे फिरकू नये, रस्ते बंद असतात. रिपोर्ट आला की फोटो दादाला नाही, मला पाठवा. दादा तो आधी तुम्हाला दाखवतो आणि मग तुम्ही दोघं मिळून मला अर्धाच सांगता.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, डबेवाल्या पोराचा नंबरही मी आईच्या फोनमधून काढला आहे.