अर्थघडामोडींची परीक्षा घ्या, पण प्रश्न बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली आपल्याकडे ज्युनियर कॉलेजात, वाचनालयात, कधी गणेशोत्सव मंडळातसुद्धा चालू अर्थघडामोडींवर प्रश्नमंजुषा होतात आणि त्या व्हायलाच हव्यात असं माझं ठाम मत आहे, कारण बारावी कॉमर्स करून बाहेर पडलेल्या पोराला पेपरातलं अर्थविषयक पान वाचता येत नसेल तर दोन वर्षं तो काय शिकला असा प्रश्न पडतोच. माझी तक्रार आहे ती तिथे काय विचारतात त्याबद्दल. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कोण, रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) किती, अमेरिकेने टॅरिफ म्हणजे आयात कर किती लावलं, जीएसटीचे स्लॅब किती. सगळी उत्तरं एका शब्दाची नाहीतर एका आकड्याची, आणि तो आकडा आपल्या घरात, बाजारात, बंदरावर येऊन नेमकं काय करतो हे कोणीच विचारत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये आमच्या भागातल्या एका कॉलेजात अशी स्पर्धा झाली, मी पालक म्हणून बसलो होतो. रेपो रेटचा प्रश्न आला. एका मुलीने बझर दाबून सव्वापाच टक्के सांगितलं. परीक्षकांनी हातातला कागद बघितला, चूक म्हणाले, प्रश्न पुढच्या टीमकडे गेला, तिथला मुलगा साडेपाच म्हणाला आणि मार्क त्यांना मिळाले. आता खरं म्हणजे 5 डिसेंबरलाच रिझर्व्ह बँकेने दर 5.50 वरून 5.25 वर आणला होता, पण प्रश्न कुठल्यातरी गाईडातून काढलेले आणि ते गाईड जूनच्या दरावरच थांबलेलं. मुलगी म्हणाली, सर मी पेपरात वाचलंय. पण कागदावर आहे तेच बरोबर असं ठरलं. जिने खरोखर पेपर वाचला ती हरली आणि ज्याने गाईड पाठ केलं तो जिंकला, यावरून बाकीच्या पोरांनी काय घ्यायचं?

स्पर्धा संपल्यावर मी दोघांनाही विचारलं की बाळांनो, दर कमी झाला म्हणजे घरच्या कर्जाच्या हप्त्याचं काय होणार? दोघंही गप्प. यात पोरांचा काही दोष नाही, त्यांना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला असतो, 2025 ला 96.74 टक्के लागला, म्हणजे पोरं अभ्यास करतात, जे विचाराल त्याची तयारी करतात. म्हणून तर काय विचारायचं याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

मी बँकेतून रिटायर झालोय त्यामुळे हप्त्याचंच उदाहरण देतो. फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 या काळात रेपो रेट साडेसहावरून सव्वापाचवर आला, म्हणजे सव्वा टक्का कमी. समजा 20 लाखांचं घरकर्ज आहे, 20 वर्षांसाठी, आणि व्याज पावणेनऊवरून साडेसातवर आलं, तर हप्ता साधारण 17,670 वरून 16,110 वर येतो, महिन्याला दीड हजाराच्या वर फरक. पण हा फरक सगळ्यांना मिळतो का? नाही ना. ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांना फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराची नवी घरकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या एखाद्या दराला, जोडावी लागतात, बहुतेकांनी रेपोच घेतलाय, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. ज्याचं कर्ज त्याआधीचं जुन्या पद्धतीचं आहे किंवा पतसंस्थेचं, फायनान्स कंपनीचं आहे, त्याला हा नियम लागू नाही. शिवाय दर उतरला की बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात, त्यामुळे घरी वाटतं काहीच बदललं नाही. एका रेपो रेटवर एवढं विचारता येतं, आणि आपण विचारतो काय तर आकडा!

आणि याच बातमीची दुसरी बाजू आपल्या गावातल्या आजी-आजोबांची. पोरं मुंबईला, हे दोघं इथे घर सांभाळून, खर्च चालतो तो एफडीच्या व्याजावर. रेपो उतरला की मुंबईतल्या मुलाचा हप्ता कमी होतो आणि गावातल्या आईला एफडी नव्याने करताना व्याजही कमी मिळतं. एकाच घरात एकाच बातमीने एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान, हे अकरावीच्या पोराला दहा मिनिटांत समजेल, फक्त प्रश्न तसा यायला हवा.

एफडीवरून अजून एक गोष्ट, ही तर प्रत्येक पोराला माहीत असायलाच पाहिजे. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले, पुढे ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. प्रश्नमंजुषेत विचारतात, कुठली बँक कुठल्या बँकेत विलीन झाली. अरे पण विचारायचं हे की बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्यातून किती मिळतात? पाच लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून, आणि एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी सगळे मिळून पाचच. फेब्रुवारी 2020 च्या आधी ही मर्यादा एक लाख होती. आणि त्यापुढचा प्रश्न, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा आहे का? नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या देखरेखीखाली येते, हा ठेव विमा तिला लागू होत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पतसंस्थांत किती जणांची आयुष्यभराची पुंजी आहे ते सांगायला नको. मी पतसंस्थांच्या विरोधात नाही, चांगल्या चाललेल्या पुष्कळ आहेत, पण अर्धा-एक टक्का जास्त व्याज कशाच्या बदल्यात मिळतंय हे घरातल्या शिकलेल्या पोराने आजीला सांगता आलं पाहिजे.

टॅरिफचंही तसंच. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी 25 आणि मग अजून 25 असं 50 टक्के टॅरिफ लावलं. पोरं पन्नास म्हणून मोकळी होतात. पण ते पैसे भरतो कोण? मी विचारून बघितलंय, दहातली आठ पोरं सांगतात आपला एक्स्पोर्टर भरतो. टॅरिफ भरतो तिकडचा आयातदार, तिकडच्या कस्टमला. मग इथे ओरड का होते? कारण तो आयातदार फोन करून म्हणतो भाव कमी करा नाहीतर माल दुसऱ्या देशाकडून घेतो. आपल्या देशातून जाणाऱ्या मासळीत गोठवलेली कोळंबी सगळ्यात मोठी आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, पण त्यातली बहुतेक कोळंबी आंध्रातल्या तलावांतली असते. आता रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदरावरच्या पोराला विचारा, आंध्रातला माल अमेरिकेला गेला नाही तर तो कुठे जाईल आणि तुझ्या बाबांच्या बोटीवरच्या कोळंबीच्या भावाचं काय होईल? हा खरा पाच मार्कांचा प्रश्न. बंदरावर वाढलेली पोरं यावर अर्धा तास बोलतील.

तसाच रुपया. डिसेंबर 2025 मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला तेव्हा सगळीकडे एकच सूर होता, वाईट झालं. सिंधुदुर्गात बसून बघा जरा. काजू कारखानदार आफ्रिकेतून कच्ची बी आणतो, त्याला ती महाग पडणार. मग तो इथली बी जास्त घेईल का आणि बागायतदाराला चार पैसे जास्त मिळतील का? दुबईला आंबा पाठवणाऱ्याला डॉलरमागे जास्त रुपये मिळतील, पण विमानाचं भाडं आणि बोटवाल्याचं डिझेल याचं काय, कारण कच्चं तेल तर बाहेरूनच येतं. याला एकच बरोबर उत्तर नाही, आणि म्हणूनच तो चांगला प्रश्न आहे.

आता जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 ला जॅम, जेली, फळांच्या रसावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, छान झालं. पण हाच माल करणाऱ्या ज्या बचत गटाची उलाढाल 40 लाखांच्या आत आहे आणि नोंदणीच नाही तो गट जीएसटी लावतच नव्हता, म्हणजे कंपनीची बाटली स्वस्त झाली आणि गटाची आहे तिथेच राहिली. हे कोणी पोरांकडून काढून घेतं का?

शेअर बाजाराबद्दल थोडक्यात. सेन्सेक्स किती विचारू नका, रोज बदलतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स अँड ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या शंभरातल्या 93 वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, एकूण 1.8 लाख कोटींहून जास्त. अठरा पूर्ण होताच मोबाइलवर खातं उघडणाऱ्या पोराला हे परीक्षेतच विचारलेलं बरं.

काही शिक्षकांशी बोललो, ते म्हणतात असे प्रश्न तपासायला वेळ लागतो, एका शब्दाचं उत्तर सोपं पडतं. अडचण खरी आहे, वर्गात ऐंशी-ऐंशी पोरं असतात. पण बारावीच्या अर्थशास्त्रात 80 मार्क लेखी आणि 20 मार्क प्रकल्पाचे आहेत, आणि ते 20 बऱ्याच ठिकाणी एकमेकांच्या वह्या उतरवून मिळतात. त्याच 20 मार्कांत पोराला त्या आठवड्याच्या पेपरातलं एक कात्रण हातात द्या, वाचू द्या, आणि विचारा, याने तुझ्या गावात कोणाचा फायदा होईल, कोणाचं नुकसान, आणि का. बातमी नीट समजली त्याचे मार्क, कारण सांगितलं त्याचे जास्त. कात्रण समोरच असल्यामुळे पाठांतराचा प्रश्न नाही आणि गाईड जुनं निघण्याचाही नाही. स्पर्धा घेणाऱ्यांना एवढंच सांगणं की परीक्षकांच्या उत्तरांच्या कागदावर तारीख घाला आणि आदल्या दिवशी सगळे आकडे एकदा ताडून बघा.

आपल्या पेपरलाही एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा, जिल्हा पुरवणीत छोटी चौकट चालेल, एक आर्थिक बातमी आणि तिच्याखाली कोकणापुरता एक प्रश्न छापा, उत्तर पुढच्या आठवड्यात द्या, पोरांनी पाठवलेल्या उत्तरांतलं चांगलं उत्तर त्यांच्या कॉलेजच्या नावासकट. पहिल्या काही आठवड्यांचे प्रश्न काढून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक पालक आणि निवृत्त बँक कर्मचारी
जि. रत्नागिरी